२०पैकी साडेआठ

मी पुण्यात समुपदेशन करते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात सांगलीहून एका वडिलांचा फोन आला. "मॅडम, मुलगी फ्रान्सला आहे. एका सेमिस्टरसाठी एक्स्चेंजवर गेलीय, मेकॅनिकलला. कालपासून रडतेय, परत यायचं म्हणतेय. इथं कधी ऐंशीच्या खाली आली नाही हो. तिकडं वीसपैकी साडेआठ पडलेत. म्हणजे बेचाळीस टक्के."

ओळख पटू नये म्हणून या मुलीचे काही तपशील मी बदलले आहेत. प्रश्न मात्र बदललेला नाही, कारण नोव्हेंबर लागला की तो कुणा ना कुणाच्या तोंडून माझ्यापर्यंत येतोच. इथं वर्गात पहिली होते, तिथं जाऊन डोकंच चालेना, मग मी खरंच हुशार होते का?

पहिल्यांदा व्हिडिओवर बोललो तेव्हा आपल्याकडं रात्रीचे साडेनऊ झाले होते, तिच्याकडं संध्याकाळचे पाच. तिच्या खिडकीबाहेर अंधारून आलं होतं. मी गुणांचा विषय काढलाच नाही. झोप किती, जेवतेस काय, हे विचारलं आणि मग सरळच विचारलं, "जीव द्यावा असं कधी मनात येतं का?" हा प्रश्न विचारल्यानं तसले विचार सुचतात, ही भीती खरी नाही. विचारावंच. ती म्हणाली, "नाही मॅडम, तसं नाही. पण सकाळी उठावंसं वाटत नाही." तरीही ३११४ हा नंबर तिला मोबाइलमध्ये साठवायला लावला. आत्महत्या रोखण्यासाठी फ्रान्समध्ये तो चोवीस तास चालतो आणि फुकट आहे. विद्यापीठांच्या आरोग्य केंद्रात विद्यार्थ्यांना मानसशास्त्रज्ञही मोफत भेटतात, हेही सांगितलं. मी पुण्यात बसून फक्त पडद्यावर दिसणार. तिच्या जवळपास, तिथल्या भाषेत कुणीतरी असणं गरजेचं होतं.

मग विचारलं, "पेपर बघितलास का? कुठं गुण गेले?"

नव्हता बघितला. तिथं तपासलेला पेपर बघायला मिळतो, पण ती गेलीच नव्हती. म्हणून पहिल्या आठवड्याचं काम एवढंच ठरलं: सरांना मेल टाकून पेपर बघायला वेळ मागायची. तिनं आधी लिहिलेला मेल मला वाचून दाखवला. अर्धं पान माफी, 'रिस्पेक्टेड सर', आणि मुद्दा अगदी तळाशी. आम्ही तो तीन ओळींचा केला. 'बाँझूर मस्य', मग काम, मग आभार. फ्रेंचमध्ये सरांना 'व्हू' म्हणायचं, म्हणजे आपलं 'तुम्ही'. त्या एका शब्दात आदर येतो, वेगळी माफी लागत नाही. बरोबरच्या मुलांशी मात्र पहिल्या दिवसापासून 'त्यू'. ती वर्गातल्या मुलांनाही 'व्हू' म्हणत होती आणि मुलं अंतर ठेवून वागतात म्हणून झुरत होती.

पेपर बघून आल्यावर ती पहिल्यांदा भरभरून बोलली. सगळे गुण एकाच जागी गेले होते, तोर्सरमध्ये.

मी इंजिनिअर नाही. तिनंच मला समजावलं. आपल्याकडं मेकॅनिक्समध्ये फ्री बॉडी डायग्राम, म्हणजे वस्तूवरच्या सगळ्या फोर्सची आकृती काढतात, फोर्सची समीकरणं वेगळी लिहितात, मोमेंटची, म्हणजे फोर्सच्या फिरवण्याच्या परिणामाची, वेगळी. फ्रान्समध्ये फोर्स आणि मोमेंट दोन्ही एका महिरपी कंसात, एका ठरावीक बिंदूपाशी, एकत्र मांडतात. त्या मांडणीला तोर्सर म्हणतात. बिंदू बदलला की मोमेंटचा भाग बदलतो, आणि तो बदलायची रीत तिथली मुलं पहिल्या दोन वर्षांत हातात बसेपर्यंत घोटतात. ही थेट तिसऱ्या वर्षात दाखल झालेली. सर म्हणत होते, "हे तुम्हाला येतंच." वर्गाला येत होतं. हिला विषय येत होता, मांडणी येत नव्हती.

त्यात खुणा वेगळ्या. क्रॉस प्रॉडक्टला, म्हणजे व्हेक्टरच्या एका गुणाकाराला, तिथं फुली नसते, उलटा व्ही असतो. दशांशाला टिंबाऐवजी स्वल्पविराम, ३,१४. ओपन इंटर्व्हलचे कंस बाहेर तोंड करून. "मॅडम, तो उलटा व्ही म्हणजे काय हे मला तीन आठवडे कळलं नव्हतं. इतकं साधं कसं विचारायचं?"

माझ्या मते तिच्या दुखण्याचं मूळ त्या तीन आठवड्यांत होतं. इथं वर्गात ती इतरांना शिकवायची. विचारायची वेळ तिच्यावर कधी आलीच नव्हती, आणि आता विचारलं तर आपण कोण हे उघडं पडेल अशी धास्ती. अशा मुलांना 'आत्मविश्वास ठेव' सांगून काही होत नाही. त्यांना विचारायला एक ठिकाण आणि एक वाक्य लागतं. ठिकाण होतं तेदे, म्हणजे मोठ्या सभागृहातल्या लेक्चरनंतर पंचवीस-तीस जणांत गणितं सोडवायचा तास. वाक्य होतं, 'भारतात आम्ही हे वेगळ्या पद्धतीनं लिहितो, तुमची पद्धत दाखवाल का?' ते तिनं फ्रेंचमध्ये पाठ केलं. त्यात कमीपणा कुठंच नव्हता, आणि ते शंभर टक्के खरं होतं.

वडिलांशी वेगळं बोलले. ते प्रत्येक आकड्याला पाचनं गुणत होते. मी विनंती केली की एवढं थांबवा. तिथं २०पैकी १० म्हणजे पास. १२ला बरं म्हणतात, १४ला चांगलं, १६ला फार चांगलं. अभियांत्रिकीत २० क्वचितच दिसतात. त्या परीक्षेची वर्गाची सरासरीच साडेनऊ होती, हे पेपर बघायला गेल्यावर सरांनी तिला सांगितलं. साडेआठ हे कमीच आहेत, ते झाकायचं कारण नाही. पण ऐंशीवरून बेचाळीसवर घसरण झाली, हे गणित चुकीचं आहे. ते म्हणाले, "पण इथल्या कॉलेजात टक्केच विचारणार ना?" हा प्रश्न रास्त होता. युरोपात सेमिस्टरला ३० क्रेडिट असतात, वर्षाला ६०. आपलं कॉलेज ते कसं धरतं, २०पैकी गुणांचं रूपांतर कोणत्या तक्त्यानं करतं, हे जाण्याआधी लेखी घ्यायला हवं. तिनं घेतलं नव्हतं. डिसेंबरात मागितलं, मिळालं, पण तोवर महिनाभर जीव टांगणीला लागला. तुमचं मूल जाणार असेल तर विमानाच्या तिकिटाआधी हा कागद मागा.

रात्री तीनला जाग येते, असं ती म्हणाली होती. मला वाटलं, गुणांमुळं. खोदून विचारलं तर दुसरंच निघालं. तिचा व्हिसा फ्रान्समध्ये पोचल्यावर तीन महिन्यांच्या आत ऑनलाइन वैध करून घ्यायचा असतो. ती ऑगस्टच्या शेवटी पोचली होती. नोव्हेंबर निम्मा सरला होता आणि गृहखात्याचं ते संकेतस्थळ तिनं भीतीनं उघडलंच नव्हतं. आम्ही पडदा शेअर करून बसलो. व्हिसाचा नंबर, पोचल्याची तारीख, पत्ता, ऑनलाइन स्टँप. अर्धा तासही लागला नाही. लगेच सरकारी आरोग्य विम्याची नोंदणीही सुरू केली. परदेशी विद्यार्थ्यांना ती मोफत असते, पण जन्मदाखला लागतो आणि त्याचं मान्यताप्राप्त भाषांतरही मागू शकतात. हे समुपदेशकाचं काम नाही, असं माझे काही सहकारी म्हणतील. त्या रात्री ती सहा तास सलग झोपली, म्हणून मी ते माझंच काम धरते.

जेवणाचं थोडक्यात सांगते. 'मांस नको' म्हटलं तर तिला मासा वाढायचे, आणि हिरवं दिसतं म्हणून घेतलेल्या सॅलडमध्ये लार्दों, म्हणजे डुकराच्या मांसाचे तुकडे निघाले. त्यानंतर ती खोलीत ब्रेड खाऊन राहायची. विद्यार्थ्यांच्या सरकारी खानावळीत शाकाहारी पदार्थ असतो. 'साँ व्यांद, साँ प्वासाँ', मांस नको आणि मासाही नको, असं दोन्ही म्हणायचं. खोलीत जेवल्यानं पोट भरत असेल, पण दुपारच्या त्या तासाभरातच तिथं ओळखी होतात.

कारण एकटेपण हा सगळ्यात मोठा भाग होता. तिथं प्रयोगशाळेत दोघांची जोडी लागते, बिनोम म्हणतात. मुलांच्या जोड्या आधीपासून ठरलेल्या. ती उरली, मग सरांनी तिला तिघांच्या गटात बसवलं आणि ती गप्प नोंदी उतरवत राहिली. शुक्रवारी संध्याकाळी मुलं बॅगा घेऊन आपापल्या गावी जातात. ऐन दिवाळीच्या आसपास त्यांची तूसँची, म्हणजे सर्व संतांच्या सणाची सुट्टी, तेव्हा वसतिगृहाचा मजला रिकामा. तिनं एकटीनं पणती लावली होती.

आणि एक गोष्ट घरच्यांच्या लक्षात आली नव्हती. आई रोज रात्री नऊला फोन करायची. सप्टेंबरात तेव्हा तिथं साडेपाच वाजायचे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागं जातात, म्हणजे नऊचा फोन साडेचारला, भर प्रॅक्टिकलमध्ये. न उचलावा तर आई घाबरते. उचलावा तर बाहेर जाऊन बोलावं लागतं, आणि तेवढ्यात गटाचं काम पुढं सरकतं. आईला हे सांगताना मला जड गेलं. "रोज आवाज ऐकला नाही तर मला घास उतरत नाही," त्या म्हणाल्या. आम्ही ठरवलं, रोज एक व्हॉइस मेसेज, आणि रविवारी तिच्या दुपारी बाराला, आपल्या साडेचारला, हवा तेवढा वेळ. रविवारी तिथं बहुतेक दुकानं बंद, कँपस शांत. घरचा आवाज त्या दिवशीच जास्त लागतो.

डिसेंबरात गटातल्या एका मुलीनं तिला आनाल दिले, मागच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका. विद्यार्थी संघाकडं त्यांचा साठा असतो, हे सप्टेंबरात तिला कुणी सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं. बदल्यात हिनं तिला प्रोग्रॅमिंगचा प्रकल्प समजावला. दोघी ग्रंथालयात बसू लागल्या. मग आमचं बोलणं दोन आठवड्यांनी एकदा होऊ लागलं.

जानेवारीच्या परीक्षेत मेकॅनिक्सला ११.५ मिळाले. पण मटेरिअल्समध्ये ९, आणि तो विषय इतर विषयांच्या सरासरीनं भरून निघत नव्हता. पूर्वीची ती असती तर फोन वडिलांचा आला असता. या वेळी तिचाच आला. रात्रापाज, म्हणजे फेरपरीक्षा, परत यायच्या आधी देता येईल का, हे विचारायला तिनं एक्स्चेंजच्या समन्वयकांची वेळ घेतली होती. पेपर बघून झाला होता, चुका वहीत उतरवल्या होत्या. मला तीन ओळींचा मेल वाचून दाखवला. मी एकही शब्द बदलला नाही.

"ठेवते मॅडम," ती म्हणाली, "बिनोम खाली थांबलीय."