हुकला पेशी दिसली, मग सिद्धांताला पावणेदोनशे वर्षं का लागली?

तुमचे दोन प्रश्न आहेत. पेशीचा शोध हुकने १६६५ मध्ये लावला, तर पेशीसिद्धांत १८३९ चा कसा? आणि प्रत्येक पेशी आधीच्या पेशीपासूनच तयार होते, तर पहिली पेशी आली कुठून? पहिला प्रश्न नीट उलगडला की दुसरा बराच सोपा होतो, म्हणून क्रमाने जाऊ.

रॉबर्ट हुकने पाहिला तो बुचाचा पातळ काप. बूच म्हणजे झाडाच्या सालीतल्या मेलेल्या पेशी. त्याला दिसल्या त्या नुसत्या भित्तिका, पोळ्यातल्या घरांसारखे रिकामे कप्पे. म्हणून त्याने नाव दिलं ‘सेल’, म्हणजे छोटी खोली. हिरव्या वनस्पतींत या कप्प्यांत रस असतो हेही त्याने नोंदवलं. पण सगळे सजीव अशाच घटकांचे बनलेले आहेत, असं काही तो म्हणाला नाही.

त्याच काळात डेल्फ्टचा कापडव्यापारी लेव्हेनहूक स्वतः घासून बनवलेल्या एकाच भिंगातून पाण्याचे थेंब पाहत होता. १६७६ च्या पत्रात त्याने पाण्यातल्या हलणाऱ्या सूक्ष्म जीवांचं वर्णन लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. लोकांचा विश्वास बसेना, तेव्हा पुढच्या वर्षी हुकनेच ते जीव दाखवून दुजोरा दिला. म्हणजे बुचातला कप्पा आणि थेंबात पोहणारा जीव, दोन्ही एकाच माणसाने पाहिले होते! तरी या दोन्ही गोष्टी मुळात एकच आहेत, हे कुणाला सुचलं नाही. सुचणार तरी कसं? एक होती रिकामी खोली, दुसरा धावणारा प्राणी. वर्षानुवर्षं हा विषय शिकवल्यावरही मला इथे थांबावंसं वाटतं.

दुवा जुळला तो केंद्रकामुळे, म्हणजे पेशीच्या आतल्या ठळक गोळ्यामुळे. रॉबर्ट ब्राऊनने १८३१ मध्ये ऑर्किडच्या पेशींत केंद्रक नेहमी असतं हे दाखवलं. वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेनने १८३८ मध्ये वनस्पती पेशींच्याच बनतात असं मांडलं. गप्पांच्या ओघात त्याने प्राण्यांचा अभ्यास करणाऱ्या श्वानला केंद्रकाबद्दल सांगितलं, तेव्हा श्वानला आठवलं की असंच काहीतरी आपण प्राण्यांच्या ऊतींत पाहिलंय. १८३९ मध्ये त्याने प्राण्यांनाही तोच नियम लावला.

आता नीट लक्ष द्या, कारण इथे बहुतेकांचं चुकतं. सगळे सजीव पेशींचे बनलेले असतात, पेशी हा सजीवाचा मूलभूत घटक आहे आणि नवी पेशी आधीच्या पेशीपासूनच होते, हे सिद्धांताचे तिन्ही मुद्दे या दोघांच्या नावावर लिहिले जातात. प्रत्यक्षात तिसऱ्या मुद्द्यात दोघंही चुकले होते. द्रावणात स्फटिक धरावा तशी नवी पेशी घडते, अशी त्यांची समजूत होती. पेशी विभाजनानेच वाढतात हे भ्रूणांचा अभ्यास करून रेमाकने दाखवलं आणि ‘प्रत्येक पेशी पेशीपासूनच’ हे सूत्र विर्शोने १८५५ मध्ये मांडलं. श्रेय बहुतेक विर्शोलाच मिळतं. रेमाकचं नाव पाठ्यपुस्तकांत क्वचितच दिसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

निर्जीवातून जीव आपोआप उपजतात का, हा वाद तेव्हा पेशीपुरता नव्हताच. मांसावर जाळीदार कापड बांधलं की त्यात अळ्या होत नाहीत, हे रेडीने १६६८ मध्येच दाखवलं होतं. सूक्ष्मजीवांचा प्रश्न मात्र पाश्चरपर्यंत लोंबकळला. त्याच्या वाकड्या मानेच्या चंबूत हवा मोकळी आत जायची, धूळ वळणात अडकायची आणि उकळलेला रस्सा तसाच टिकायचा. चंबू तिरपा करून रस्सा त्या धुळीपर्यंत नेला, की नासायचा.

आता तुमची पहिली पेशी. पाश्चरने सिद्ध केलं ते आजच्या पृथ्वीबद्दल. जीवसृष्टीच्या खुणा सुमारे ३५० कोटी वर्षं मागे जातात. तेव्हा हवेत मोकळा ऑक्सिजन जवळपास नव्हता आणि तयार झालेले रेणू खाऊन टाकायला कुणी सजीवही नव्हते. हा दुसरा मुद्दा डार्विनने १८७१ च्या एका पत्रातच लिहून ठेवलाय. पुढे १९५३ मध्ये मिलरने मिथेन, अमोनिया, हायड्रोजन आणि पाण्याच्या वाफेतून विजेच्या ठिणग्या सोडून अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनांचे घटक, मिळवली. त्या काळची हवा नेमकी तशीच होती का, यावर मतभेद आहेत. शिवाय अमिनो आम्ल म्हणजे पेशी नव्हे, मधला रस्ता अजून शोधला जातोय. म्हणून वहीत तिसरा मुद्दा लिहिताना त्यापुढे विर्शो आणि रेमाक ही दोन नावं घाला, आणि ‘आजच्या परिस्थितीत’ हे दोन शब्द सुरुवातीलाच लिहा.