नव्या पगपालकाला एका जुन्या पगचा सल्ला

पिल्लू घरी आलं, अभिनंदन! आता जरा आमची, म्हणजे पग जातीच्या कुत्र्यांची, बाजू ऐका. युक्त्या शिकवणं, कपडे घालणं नंतर होईल.

सगळ्यात आधी उष्णता. कुत्री धापा टाकून अंग थंड करतात आणि चपट्या नाकामुळे आम्हाला नेमकं तेच नीट जमत नाही. म्हणून फिरवणं पहाटे किंवा दिवस मावळल्यावर, तेही थोडंच. तापलेल्या रस्त्यावर हाताची पाठ ५ सेकंद टेकवून ठेवता येत नसेल तर बाहेर काढूच नका. धाप घोगरी झाली, जीभ निळसर पडली की सावलीत न्या, अंगावर गार पाणी ओता, पंखा लावा आणि लगेच डॉक्टर गाठा.

दोरी गळपट्ट्याला नको, हार्नेसला, म्हणजे छातीभोवतीच्या पट्ट्याला, बांधा. गळा आवळला की आधीच अरुंद श्वास आणखी अडतो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- आमचा चेहरा बघून वाढणं. जेवलेला पगही उपाशीच दिसतो! वाढ पूर्ण झाल्यावर साधारण ६ ते ८ किलो वजन ठीक. खाणं काट्यावर मोजा, खाऊसुद्धा त्यातच धरा. फासळ्या हाताला लागायला हव्यात.
- नाकावरची घडी ओल्या कापडानं पुसून तशीच सोडणं. कोरडी केली नाही तर वास येतो, मग त्वचा चिघळते.
- मिटलेला डोळा उद्यावर ढकलणं. आमचे बुबुळ सहज खरचटते; त्याच दिवशी दाखवा. घरातले जुने थेंब घालू नका.

केस वर्षभर गळतील. त्याला इलाज नाही, ब्रश घ्या.