वाचकांचे प्रश्न : ब्लूज आणि तालीम

मागच्या अंकात ब्लूजवर, म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या संगीतावर लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांतले काही प्रश्न इथे घेते आहे.

प्रश्न : ब्लूज म्हणजे गरीब शेतमजुरांचं रडगाणं. तीन कॉर्ड (एकदम वाजणारे सुरांचे गट) आणि त्याच त्याच ओळी. यात अभ्यास करून ऐकण्यासारखं काय आहे? (सुदामानगर, इंदूर)

उत्तर : ओळ पुन्हा येते हे खरं, पण ती दुसऱ्यांदा कशी येते ते ऐका. चौकट अशी असते : चार-चार मात्रांचे बारा खंड. पहिल्या चार खंडांत एक ओळ, पुढच्या चारांत पुन्हा तीच, शेवटच्या चारांत तिला उत्तर देणारी दुसरी ओळ. गाणारा मात्र चारही खंड भरून गात नाही. साधारण अर्ध्यावर तो थांबतो आणि उरलेली जागा गिटार बोलून काढते. ओळ दुसऱ्यांदा येते तेव्हा खालचा कॉर्ड षड्जावरून मध्यमावर सरकलेला असतो, त्यामुळे शब्द तेच असून त्यांचं वजन बदलतं.

आणि गंधार! तो धड कोमल नाही, धड शुद्ध नाही. दोहोंच्या मध्ये कुठेतरी लागतो आणि प्रत्येक गाणारा तो आपापल्या जागी लावतो. पियानोच्या पट्ट्यांत हा सूर सापडत नाही, म्हणून ब्लूजचे पियानोवादक दोन्ही गंधार जवळजवळ एकदम दाबून त्याचा भास उभा करतात. दोन ओळींची विलंबित बंदिश आपण तासभर ऐकतो, तेव्हा शब्द तेच तेच आहेत अशी तक्रार कुणी करत नाही. ख्यालगायक अमीर खाँसाहेबांच्या इंदूरमधल्या श्रोत्याला याहून अधिक सांगायची गरज नसावी.

रडगाणं म्हणाल, तर तेही पूर्ण खरं नाही. चार्ली पॅटन या मिसिसिपीच्या गायकाने 1929 साली कापसाची बोंडं फस्त करणाऱ्या भुंग्यावर गाणं ध्वनिमुद्रित केलं, आणि त्याच वर्षी 1927 च्या मिसिसिपी नदीच्या महापुरावरही. पुराच्या गाण्यात पाणी कुठवर चढलं, माणसं कुठे पळाली, ते गावांच्या नावांसकट येतं. मालवा एकेकाळी कापसाचा आणि आपलं इंदूर कापडगिरण्यांचं. पीक बुडालं की काय होतं हे इथल्या कितीतरी घरांना ठाऊक आहे. पॅटन ते गाताना गिटार तालवाद्यासारखी ठोकतो आणि ऐकणारा जागचा हलतो.

प्रश्न : ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सनने चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकून गिटार मिळवली, असं एका कार्यक्रमात ऐकलं. ही कथा कितपत खरी? (ग्वाल्हेर)

उत्तर : या कथेचा मला मनापासून राग येतो, म्हणून जरा सविस्तर लिहिते. सन हाउस हे ज्येष्ठ गायक सांगत की, पोरसवदा रॉबर्टला गिटार मुळीच वाजवता येत नसे, लोक त्याला हाकलून देत. मग तो काही काळ दिसेनासा झाला आणि परतला तो थक्क करणारं वाजवत. मधल्या काळाचा हिशेब लागेना, तिथे लोकांनी सैतान आणून बसवला.

पण हिशेब लागतो. त्या काळात तो आइक झिमरमन नावाच्या गिटारवादकाकडे शिकत होता. गुरू-शिष्य रात्री कबरस्तानात जाऊन वाजवत, कारण तिथे कुणाची झोपमोड होत नसे. शिवाय तो इतरांच्या तबकड्या बारकाईने ऐकत असे. त्याची गाणी पाठोपाठ ऐकली की कुठली चाल कुणाकडून उचलली आणि ती कुठे वळवली, हे कळत जातं. नोव्हेंबर 1936 मध्ये सॅन अँटोनिओला आणि जून 1937 मध्ये डॅलसला त्याचं ध्वनिमुद्रण झालं. एकूण गाणी 29. ऑगस्ट 1938 मध्ये तो गेला, तेव्हा वय अवघं 27.

एवढ्याशा आयुष्यात एकट्याच्या गिटारवर खर्जाची चाल, मधला ठेका आणि वरच्या तारेवरची सुरावट अशी तिन्ही कामं तो एकाच वेळी करू लागला. ही तालीम आहे. आपल्याकडच्या एखाद्या बुवांनी रात्र-रात्र जागून गळा कमावला, तर आपण त्याला रियाज म्हणतो आणि हात जोडतो. मिसिसिपीच्या एका काळ्या मुलाने तेच केलं, तर श्रेय सैतानाला का द्यायचं?

प्रश्न : आपल्या संगीताशी ब्लूजचा काही संबंध आहे का? (वडोदरा)

उत्तर : थेट नातं नाही. पण तारेवरून सूर सरकवण्याची ओढ दोन्हीकडे आहे. इंदूरच्या रामबागेत मी हवाईयन गिटार शिकत होते, तेव्हा सिनेमाच्या गाण्यांतली मींड स्टीलच्या रॉडने काढावी लागे. मिसिसिपीत तेच काम बाटलीच्या मानेने, नाहीतर सुरीने करत. हे कळल्यावर मी त्या तबकड्या हात कसा फिरला असेल याचा अंदाज घेत ऐकू लागले. मोहनवीणा वाजवणारे विश्वमोहन भट्ट आणि अमेरिकी गिटारवादक राय कूडर यांची 1993 ची ग्रॅमीविजेती जुगलबंदी अवश्य ऐका.

एक गोष्ट मात्र प्रत्येक मराठी रसिकाला माहीत असावी. 1977 साली व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी तबकडी गेली, तिच्यावर केसरबाई केरकरांची भैरवी आहे, ‘जात कहाँ हो’. त्याच तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन हा टेक्सासचा अंध गायक आहे, 1927 च्या डिसेंबरात डॅलसला मुद्रित झालेला. तीन-सव्वातीन मिनिटांत तो एकही शब्द उच्चारत नाही. नुसता गुणगुणतो, हुंकार देतो, आणि सरकती तार त्याच्या गळ्यामागोमाग जाते. आलापाला शब्द लागत नाहीत हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

प्रश्न : ऐकायला सुरुवात कुठून करू? बायकांची नावं कमीच दिसतात. (इंदूर)

उत्तर : मग बायकांपासूनच करा. काळ्या गायिकेच्या आवाजातला ब्लूज तबकडीवर पहिल्यांदा आणला तो मेमी स्मिथने, 1920 साली. तिची तबकडी धडाक्याने खपली आणि कंपन्यांचे डोळे उघडले. त्यानंतर बेसी स्मिथचं 1925 चं ‘सेंट लुइस ब्लूज’ लावा. साथीला लुई आर्मस्ट्राँगचा कॉर्नेट (ट्रंपेटसारखं फुंकून वाजवायचं वाद्य) आणि फ्रेड लाँगशॉची हार्मोनियम, आपल्या संगीत नाटकांतल्या पायपेटीच्या जातीची. बेसीची ओळ संपता संपता कॉर्नेट कसा शिरतो ते बघा.

मग मडी वॉटर्स. 1941 साली लोकसंगीताचा संग्राहक ॲलन लोमॅक्सने त्याला मिसिसिपीतल्या मळ्यावर मुद्रित केलं, तेव्हा तो साधी गिटार वाजवत होता. 1943 मध्ये तो शिकागोला गेला. तिथल्या गजबजलेल्या क्लबांत साध्या गिटारचा आवाज पोचेना, म्हणून त्याने विजेची गिटार घेतली. मळ्यावरचं एक आणि शिकागोचं एक, अशी दोन गाणी लागोपाठ ऐका. गळा तोच आहे, गंधारही तोच. अडलं तर पुन्हा लिहा.