बाहेरचे सगळे एकाच जागी का राहतात?

प्रश्न (वास्को): जुवारीनगरला गेलं की गोव्यात आहोत असं वाटतच नाही, सगळे कर्नाटकातले नायतर यूपी-बिहारचे. ही माणसं एकाच जागी गर्दी करून का राहतात? पसरून राहिली तर काय बिघडेल?

उत्तर: पसरून म्हणजे कुठे ते पण सांगा की! कळंगुटला? तिकडे हॉटेलात भांडी घासणाऱ्याला खोली परवडत नाही, तीच खोली मालक टुरिस्टला दिवसाच्या रेटने देतो. 2011 च्या जनगणनेत गोव्यात लाखावर घरं रिकामी होती, पण हेल्परला त्यातलं कोण देतोय? कोणाचा मालक परदेशात, कोणाचं भावाभावांत भांडण, उरलेल्यांना धास्ती की एकदा आत बसला की हलणार नाही.

जुवारीनगर काय आपोआप उगवलं नाही. 1970 च्या आसपास तिथे खताचा कारखाना उभा राहायला लागला, बांधकामाला मजूर आले, कितीतरी जण तिथेच राहिले, पुढे वेर्णाची इंडस्ट्रियल इस्टेट झाली, वास्कोचं बंदर नि एअरपोर्ट तर जवळच. पहिल्याने भावाला बोलावलं, भावाने मेव्हण्याला. नव्या माणसाला डिपॉझिटशिवाय पाठ टेकायला जागा आणि सोमवारपासून काम, दोन्ही एकाच ओळखीवर मिळत असेल तर तो अनोळखी गावात दारं कशाला ठोठावेल?

आणि आपण गोंयकारांनी वेगळं काय केलं? मुंबईत धोबीतलावला आपल्या गावागावांच्या कूडी होत्या, म्हणजे त्या त्या गावच्या माणसांनी मिळून राहायच्या जागा, बोटीवर नोकरी लागेपर्यंत ट्रंक ठेवून तिथेच पडायचं. आता पोर्तुगीज पासपोर्टवर गेलेले इंग्लंडात स्विंडनला जमलेत, तिथे वेअरहाऊसची कामं, आणि गावचा कोणीतरी आधीच खोली घेऊन बसलेला. राग काढायचाच तर मजुरावर नको. इस्टेटी काढल्या तेव्हा कामगार झोपणार कुठे हे कोणी धरलंच नाही, ते तुमच्या आमदाराला विचारा.

प्रश्न (सावंतवाडी): वेर्णाला नोकरी लागली, शिफ्ट ड्युटी आहे. रोज येऊन-जाऊन जमेल का?

उत्तर: जनरल शिफ्ट असती तर एक वेळ ट्रेनचं बघितलं असतं, नाईटला नाही जमणार बाबा. आधी कंपनीची बस कुठून सुटते ते विचार, मग त्या रूटवर खोली बघ, कुठ्ठाळी, नागोवा, सांकवाळ असं. दोघा-तिघांत घेतलीस तर भाडं झेपेल. 11 महिन्यांचं ॲग्रीमेंट लेखी कर आणि भाडेकरू म्हणून पोलिसांत व्हेरिफिकेशन मालकाला करायला लाव, तो टाळत असेल तर दुसरी खोली बघ.