नवी सिस्टीम, जुनी बोटं: स्क्रीन रीडरविषयी वाचकांचे प्रश्न

विंडोज 10 चा नियमित आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. जी यंत्रं विंडोज 11 च्या अटींत बसत नाहीत, त्यांच्यावर आता विंडोजऐवजी लिनक्स ही दुसरी सिस्टीम येऊ लागलीय. स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारा प्रोग्राम, लावून ऐकून काम करणाऱ्यांची पंचाईत त्यातूनच होते आणि या वेळची बरीचशी पत्रं त्याबद्दलच आहेत.

प्रश्न (देवगड): आमच्या पतसंस्थेत जुन्या कॉम्प्युटरवर लिनक्सचं उबुंटू 24.04 टाकलं. मला विंडोजवरच्या एनव्हीडीए या स्क्रीन रीडरची सवय. इथे त्याऐवजी ऑर्का आहे म्हणतात, पण तो सुरू कसा करायचा तेच कळत नाही. सुरू करून दिला तरी नेहमीच्या कळा दाबल्या की भलतंच होतं.

उत्तर: ऑर्का वेगळा बसवावा लागत नाही, तो उबुंटूसोबतच येतो. ऑल्ट, सुपर आणि एस एकत्र दाबा. विंडोजचं चिन्ह असलेली कळ म्हणजे सुपर. याच कळांनी तो बंदही होतो आणि पासवर्डच्या पडद्यावरही त्या चालतात. आवाज आला नाही तर आधी शंका स्पीकरची घ्या. मॉनिटर एचडीएमआयने जोडला असेल, तर आवाज पुष्कळदा स्पीकर नसलेल्या त्या मॉनिटरकडे जातो आणि आपण ऑर्काला दोष देत बसतो.

भलतंच होतं त्याचं कारण सोपं आहे. ऑर्काची मुख्य कळही, म्हणजे कमांड देताना धरून ठेवायची कळ, इन्सर्टच, त्यामुळे बोटं आपोआप जुनी जोडी दाबतात, पण जोडीचा अर्थ इथे वेगळा. एनव्हीडीएत इन्सर्ट आणि स्पेसने वाचन आणि टायपिंग यांच्यात अदलाबदल होते. ऑर्कात त्याच जोडीने सेटिंगची खिडकी उघडते. अदलाबदलीसाठी इथे इन्सर्ट आणि ए. इन्सर्ट आणि टी दाबून खिडकीचं नाव ऐकायची सवय असेल, तर ऑर्का वेळ सांगेल, दोनदा दाबलंत तर तारीख. शीर्षकासाठी इन्सर्ट धरून आकड्यांच्या पॅडवरचं एंटर.

सगळ्या कळांची यादी पाठ करायला बसू नका, उगाच दमछाक होते. पहिल्या आठवड्यात चारच गोष्टी बोटांत बसवा. एक, ऑल्ट-सुपर-एस. दोन, कंट्रोल, म्हणजे बोलणं थांबवणं. ही दोन्हीकडे सारखीच. तीन, इन्सर्ट आणि एच. हा शिकायचा मोड आहे: कुठलीही कळ दाबा, ती काय करते ते ऑर्का सांगतो, प्रत्यक्षात काही घडत नाही. एस्केपने बाहेर या. चार, पॅडवरचं एंटर, म्हणजे ‘मी आत्ता कुठे आहे’. बाकीचं शिकायच्या मोडमधून आपोआप जमत जातं.

स्टार्ट मेनू शोधू नका. सुपर दाबून सोडा, प्रोग्रामच्या नावाची पहिली अक्षरं टाइप करा, एंटर. वरच्या पट्टीत जायचं असेल तर कंट्रोल-ऑल्ट-टॅब. वेबपानावर एच, के, टी ही अक्षरं मथळा, दुवा आणि तक्त्यासाठी पूर्वीसारखीच चालतात. इन्सर्ट-एफ7 ची यादी मात्र इथे नाही. मथळ्यांची यादी ऑल्ट-शिफ्ट-एच ने, दुव्यांची ऑल्ट-शिफ्ट-के ने उघडते.

ऑर्का मध्येच मुका झाला तर मशीन बंद करू नका. ऑल्ट-एफ2 दाबा, इंग्रजीत ऑर्का, मग एक जागा, दोन आडव्या रेघा आणि रिप्लेस असं लिहून एंटर द्या. जुना ऑर्का जाऊन नवा उभा राहतो, उघडी फाइल जागच्या जागी असते.

लॅपटॉपवर इन्सर्ट अडचणीच्या जागी असते, म्हणून सेटिंगमध्ये लॅपटॉप मांडणी निवडून कॅप्स लॉक मुख्य कळ करता येते. 24.04 मध्ये यात एक खोच आहे. नेहमीच्या वेलँड सत्रात (वेलँड आणि एक्सऑर्ग या पडदा चालवण्याच्या दोन वेगळ्या व्यवस्था) कॅप्स लॉक नीट जुमानत नाही, मोठी अक्षरंच चालू होतात. पासवर्ड देण्याआधी टॅबने गिअरच्या बटणावर जा आणि ‘उबुंटू ऑन एक्सऑर्ग’ निवडा. उबुंटूचा डेस्कटॉप म्हणजे ग्नोम, त्याच्या 48 व्या आवृत्तीपासून ही अडचण वेलँडवरच सुटली आहे.

प्रश्न (चिपळूण): ऑर्का मराठीत बोलतो का? आणि मराठी टाइप करताना बॅकस्पेस कधी अर्धंच अक्षर का खोडतो?

उत्तर: बोलतो. इन्सर्ट-स्पेस दाबून सेटिंग उघडा, व्हॉइसच्या पानावर जा, बोलणारा प्रोग्राम ईस्पीक एनजी ठेवून भाषा मराठी निवडा. आवाज यंत्रासारखाच आहे, गोडवा शोधू नका. पण तो इंटरनेटशिवाय चालतो. घाटाखाली रेंज गेली की त्याची किंमत कळते. वेग सुरुवातीला इंग्रजीपेक्षा बराच कमी ठेवा, जोडाक्षरं घाईत कानातून निसटतात.

खोडण्याचं म्हणाल तर बिघाड नाही, रीत तशी आहे. ‘कि’ हे आपल्याला एक अक्षर वाटतं, फाइलमध्ये मात्र क आणि वेलांटी असे दोन तुकडे असतात. बाणाची कळ दोन्ही एकदम ओलांडते, डिलीट दोन्ही एकदम खोडते, बॅकस्पेस फक्त शेवटचा तुकडा काढतो. म्हणून ‘कि’नंतर बॅकस्पेस दाबलात तर ‘क’ उरतो. वेलांटी चुकली असेल तर याचा फायदाच आहे. खोडल्यावर बाणाने मागे जाऊन काय उरलंय ते ऐकायची सवय लावा.

कीबोर्डची भाषा सुपर-स्पेसने बदलते. ती मराठीवर राहिली आणि पडदा लॉक झाला, तर पासवर्ड दहा वेळा बरोबर टाकूनही चूकच ठरतो. उठण्यापूर्वी इंग्रजीवर या.

प्रश्न (कुडाळ): कार्यालयातून येणारी मराठी पत्रं स्क्रीन रीडर काहीतरी इंग्रजी बडबडल्यासारखी वाचतो. विंडोजवरही तेच व्हायचं.

उत्तर: दोष स्क्रीन रीडरचा नाही, फाइलचा आहे. पत्र कृतिदेवसारख्या जुन्या फाँटमध्ये केलेलं असावं. अशा फाइलमध्ये मराठी अक्षरं नसतातच, असतात ती इंग्रजी. फाँट त्यांना फक्त मराठीचा पोशाख चढवतो. कृतिदेवमध्ये ‘मराठी’ लिहिलं की आत ई, जे, के, मोठा बी आणि एच एवढंच साठतं. डोळ्याला मराठी दिसतं, ऑर्काला दिसतं ते हे. शंका आली की मजकुरावर इन्सर्ट-एफ दाबा, फाँटचं नाव ऐकू येईल. एनव्हीडीएतही हीच जोडी.

कृतिदेवचा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरं मराठी म्हणूनच साठवणाऱ्या पद्धतीत, बदलणारे रूपांतरक मिळतात, ते वापरा. नंतर ऱ्हस्व वेलांटी आणि रफार असलेले शब्द अक्षर-अक्षर तपासा. जुन्या फाँटमध्ये ही वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार नंतर. युनिकोडमध्ये क्रम नेमका उलटा, म्हणून चुका तिथेच राहतात. आमचं स्पष्ट मत असं की हे काम वाचणाऱ्याच्या गळ्यात पडूच नये. युनिकोडमध्ये पाठवा असं कार्यालयाला लेखी कळवा, एकदा नाही तर दर वेळी.

स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर ते निव्वळ चित्र असतं. उबुंटूत टेसरॅक्ट हा चित्रातली अक्षरं ओळखणारा प्रोग्राम आणि त्याचा मराठी डेटा बसवला की त्यातून मजकूर निघतो. शिक्का अक्षरांवर बसला असेल तर मात्र तेवढ्या भागाची आशा नको.

प्रश्न (गुहागर): ई-सेवा केंद्रातल्या कॉम्प्युटरवर काही बसवू देत नाहीत. तिथे स्वतः फॉर्म कसा भरू?

उत्तर: बसवायची गरजच नाही. घरच्या एनव्हीडीएच्या मेनूत टूल्समध्ये पोर्टेबल प्रत करायची सोय आहे, ती पेनड्राइव्हवर घ्या. केंद्रात विंडोज, कंट्रोल आणि एंटर दाबून नॅरेटर हा तिथलाच स्क्रीन रीडर सुरू करा, त्याच्या आवाजावर पेनड्राइव्ह उघडून एनव्हीडीए चालवा आणि त्याच कळांनी नॅरेटर बंद करा. दोघं एकदम बोलू लागले तर काहीच कळत नाही. केंद्रात अजून विंडोज 7 असेल तर नवा एनव्हीडीए चालणार नाही; 2023.3.4 ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, तीही जवळ ठेवा. पोर्टेबल प्रतीची एक मर्यादा आहे: विंडोज परवानगीची खिडकी दाखवतं तेव्हा ती गप्प होते. तेव्हा केंद्रचालकाला विचारा. आणि इअरफोन स्वतःचा न्या, आधार क्रमांक साऱ्या रांगेला ऐकवायचा नसतो.

प्रश्न (अलिबाग): कॉलेजच्या लॅबमध्ये मॅक आहेत. त्यांच्यावरचा स्क्रीन रीडर व्हॉइसओव्हर सुरू होतो, पण टॅबने सगळीकडे पोचता येत नाही.

उत्तर: सुरू-बंद कमांड-एफ5 ने, हे तुम्हाला ठाऊक आहेच. पुढे टॅब विसरा. कंट्रोल आणि ऑप्शन एकत्र धरून बाणांनी फिरा. यादी किंवा तक्त्यापाशी आलात की आत शिरावं लागतं: तेच दोन धरून शिफ्ट आणि खालचा बाण. बाहेर यायला शिफ्ट आणि वरचा बाण. आत न शिरल्यामुळेच पुढे काही नाही असं वाटतं. कंट्रोल-ऑप्शन-के ने कळा शिकायचा मोड उघडतो, एस्केपने बंद होतो.

प्रश्न (मालवण): काही कळ न दाबता स्क्रीन रीडर कमांड घेतल्यासारखा वागतो. टाइप केलेलं अक्षर उमटत नाही.

उत्तर: इन्सर्ट अडकली असावी. खारी, दमट हवा कीबोर्डच्या आतल्या पत्र्याला गंज आणते आणि किनाऱ्यालगतच्या घरांत हे वरचेवर होतं. इन्सर्ट चार-सहा वेळा झटक्याने दाबून पाहा. फरक पडला नाही तर डेस्कटॉपवर दुसरा यूएसबी कीबोर्ड लावा आणि जुना काढून ठेवा. लॅपटॉपचा कीबोर्ड तसा काढता येत नाही, म्हणून तिथे स्क्रीन रीडरच्या सेटिंगमध्ये मुख्य कळ कॅप्स लॉक करा आणि इन्सर्टची खूण काढा. इअरफोनच्या भोकातून खरखर येत असेल तर तोच गंज. यूएसबीचा हेडफोन घेतला की त्या भोकाची गरज उरत नाही.