घराच्या ताब्याचा दावा आणि न्यायाधीशांचे हितसंबंध

प्रश्न : घरकर्जाचे हप्ते थकल्याने बँकेने घराच्या ताब्यासाठी दावा लावला आहे. दावा ज्या न्यायाधीशांपुढे आहे, त्यांच्याकडे त्याच बँकेचे शेअर असल्याचे समजले. शिवाय पूर्वी ते बँकांची वकिली करत. दावा दुसऱ्या न्यायाधीशांकडे वर्ग करून मागता येईल का?

उत्तर : मागता येईल, मात्र या दोन कारणांचे वजन सारखे नाही. पूर्वी बँकांची वकिली केली, एवढ्यावरून न्यायाधीश सहसा बाजूला होत नाहीत. तुमच्याच कर्जव्यवहारात त्यांनी बँकेला सल्ला दिला असेल, तर गोष्ट वेगळी.

शेअरचा मुद्दा अधिक गंभीर आहे. इंग्लंडमध्ये 1852 साली हाउस ऑफ लॉर्ड्सने (तेव्हाचे सर्वोच्च अपील न्यायालय) लॉर्ड चान्सलर, म्हणजे त्या काळचे वरिष्ठ न्यायाधीश, कॉटनहॅम यांचा हुकूम रद्द केला तो एवढ्याचसाठी, की ज्या कालवा कंपनीच्या बाजूने तो होता तिचे शेअर त्यांच्याकडे होते; त्यांच्या सचोटीबद्दल कुणालाही शंका नव्हती. याउलट ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (हेच तेथील सर्वोच्च न्यायालय) 2000 साली, एएनझेड बँकेचे शेअर वारशाने मिळालेल्या न्यायाधीशांचा त्याच बँकेच्या दाव्यातील निकाल कायम ठेवला, कारण त्या निकालाने शेअरच्या किमतीवर परिणाम होण्यासारखा नव्हता. एका घराच्या ताब्याने मोठ्या बँकेचा भाव हलत नाही, हा युक्तिवाद तुमच्याही बाबतीत होईल. मात्र हजारो कर्जदारांच्या करारांत असलेल्या एखाद्या कलमाच्या वैधतेवर तुमचा दावा उभा असेल, तर त्या युक्तिवादाचा जोर माझ्या मते बराच कमी होतो.

इंग्लंडमध्ये 2001 पासून रुळलेली कसोटी अशी, की सर्व वस्तुस्थिती ठाऊक असलेल्या निःपक्ष त्रयस्थाला पक्षपाताची खरीखुरी शक्यता दिसते का. त्यामुळे न्यायाधीश भ्रष्ट असल्याचे सिद्ध करावे लागत नाही, आणि अर्जात तसा सूरही लावू नये. शेअर कोणाच्या नावावर आहेत, ही माहिती कोठून मिळाली, एवढेच वकिलामार्फत लेखी मांडून खुलासा मागावा. खरे तर हा खुलासा न्यायाधीशांनीच आपणहून करायला हवा. कर्जदाराला त्यांची गुंतवणूक कळणार तरी कशी?

अर्जाला उशीर मात्र करू नका. माहीत असूनही गप्प राहून, निकाल विरुद्ध गेल्यावर घेतलेली हरकत न्यायालये बहुधा सोडून दिलेली मानतात. न्यायाधीश बदलले तरी थकबाकी तशीच राहते, म्हणून हप्ते फेडण्याचा लेखी प्रस्ताव त्याच वेळी बँकेकडे पाठवून ठेवा.