मिश्रधातूंचे फेज डायग्राम पाठ करायचे की समजून घ्यायचे? पुढे त्यांचा उपयोग होतो का?

तुम्ही लिहिलंय की इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहात, दोन धातूंच्या मिश्रधातूंचे डायग्राम (कुठल्या तापमानाला कुठलं मिश्रण घन, रस की दोन्ही, हे दाखवणाऱ्या आकृत्या) डोक्यात शिरत नाहीत, लिव्हर रूल (त्यावरून घन किती आणि रस किती हे काढायची रीत) दर वेळी उलटा होतो, सर म्हणतात पाठ करून टाका. आणि शेवटी विचारलंय, नोकरीत याचा खरंच काही उपयोग आहे का.

तो शेवटचा प्रश्न मला लागला, म्हणून त्याच्यापासून सुरू करतो. उपयोग आहे. माझ्या वडिलांवर चांदी चोरल्याचा आळ आला होता, आणि तो खोटा ठरवणारी आकृती जगभरच्या पुस्तकांत कधीपासूनच छापलेली होती. आमच्या हुपरीत, कोल्हापूरजवळच्या चांदीकामाच्या गावात, ती कुणी बघितली नव्हती, एवढंच.

आबा आटणीचं काम करायचे. व्यापाऱ्याने चांदी आणि तांबं वजन करून द्यायचं, आबांनी मुशीत वितळवून लगड, म्हणजे धातूचा ओतीव ठोकळा, ओतून द्यायची, पुढे तिची तार, पत्रा, पैंजण. एकदा ऐंशी टक्क्यांची जाड लगड ओतली होती. शेठजींनी वरच्या कडेचा तुकडा काढून टंच, म्हणजे चांदीची शुद्धता, काढला, तो एक आला. मग लगड मधोमध तोडून आतला तुकडा दिला, त्याचा वेगळा आला. फरक थोडा होता, पण पैशाचा होता. शेठजी आमच्या दारात येऊन म्हणाले, "कडेचा टंच एक, पोटातला दुसरा. एकाच मुशीतला माल ना हा? मग मधली चांदी कुठं गेली?" आबा म्हणाले, "शेठ, मूस तुमच्या माणसासमोर उपडी केलीया. लगडीचं वजन बघा की. घेतलं तेवढं दिलंय." शेठजींचं म्हणणं, वजन तांब्यानं पण भरतं.

आमचे थोरले चुलते, तात्या, त्यांनी शेठजींची बाजू घेतली. धंदा टिकवायचा होता. कमी टंचाप्रमाणे जी तूट निघाली ती आबांनी पदरची चांदी घालून भरून दिली. त्यानंतर त्या पेढीचं काम आबांना मिळालं नाही, आणि गावात नाव झालं ते झालंच.

आता तुमचा डायग्राम घ्या. चांदी-तांबं. डाव्या टोकाला शुद्ध चांदी, ९६२ अंश सेल्सिअसला वितळते. उजव्या टोकाला शुद्ध तांबं, १०८५ अंश. दोन्हीकडून लिक्विडस रेषा (हिच्या वर सगळा रस) खाली उतरतात आणि २८.१ टक्के तांब्यापाशी, ७८० अंशांच्या जरा खाली, भेटतात. तो युटेक्टिक बिंदू, सगळ्यात कमी तापमानाला वितळणारं मिश्रण. चांदीत तांबं घन अवस्थेत जास्तीत जास्त ८.८ टक्के विरघळतं, तेही त्याच तापमानाला. तांब्यात चांदी साधारण ८ टक्के. एवढे आकडे पुरेत. बाकी रेषा या आकड्यांना जोडल्या की आपोआप येतात, म्हणून पाठांतराचा सल्ला मला अजिबात पटत नाही. आकृतीचा आकार पाठ केलेला मुलगा व्हायवात "ही रेषा अशी का वाकली" विचारलं की गप्प होतो.

ऐंशी टक्के चांदीचा, म्हणजे २० टक्के तांब्याचा रस थंड होऊ द्या. साधारण ८२० अंशांना तो लिक्विडसला टेकतो. पहिला घन दाणा तयार होतो. तो किती टक्क्यांचा? बहुतेक मुलं म्हणतात ८०. नाही. त्या तापमानाला आडवी रेषा मारा, ती डावीकडे सॉलिडस रेषेला (हिच्या खाली सगळं घन) जिथे लागते ते वाचा: तांबं साधारण सहा-सात टक्के. म्हणजे ऐंशीच्या रसातून पहिला दाणा त्र्याण्णवच्या आसपासचा निघतो! लहानपणी प्लास्टिकच्या नळीतली पेप्सी चोखली असेल. आधी सगळा रंग आणि गोडवा निघून येतो, हातात पांढरा फिका बर्फ उरतो. पाणी गोठताना साखरेला बाहेर ठेवतं. चांदी गोठताना तांब्याला अशीच बरीचशी बाहेर ठेवते, आणि उरलेला रस तांब्याने जड होत जातो. शेवटचा थेंब गोठतो तेव्हा त्यात चांदी ७१.९ टक्केच असते.

ही ओळ दोनदा वाचा. एकाच लगडीत, कुणीही हात न लावता, ९० टक्क्यांच्या वरचे दाणे आणि ७२ टक्क्यांच्या आसपासचा भराव शेजारी शेजारी बसलेले असतात. सरासरी ८०.

सूक्ष्मदर्शकाखाली हे शेजारी शेजारी दिसतं, मग कडेला आणि पोटात फरक कसा पडला? रस हलतो म्हणून. जाड लगड हळू गोठते. दाणे फांद्या फुटल्यासारखे वाढतात, त्यांच्यामधून तांब्याने जड झालेला रस सरकत राहतो. कधी तो पोटाकडे ढकलला जातो. कधी उलटं होतं: गोठताना धातू आकसतो, फटी पडतात, आणि त्या फटींतून तोच रस बाहेर कडेकडे खेचला जातो. याला उलटं पृथक्करण म्हणतात, आणि चांदी-तांब्यात ते नेहमीचं आहे. कुठली बाजू चांदीने श्रीमंत होईल हे साचा, जाडी आणि गार होण्याचा वेग ठरवतात. आटणीवाला ठरवत नाही. ओतलेल्या रसात कडेला एक आणि पोटात दुसरं असं कुणी हाताने भरू शकतं का? शेठजींनी हा साधा विचारही केला नाही.

लंडनच्या टांकसाळीत विल्यम चँडलर रॉबर्ट्स-ऑस्टिन नावाचे रसायनतज्ज्ञ होते. पोलादाच्या ऑस्टेनाइट या रूपाला ज्यांचं नाव आहे तेच. त्यांनी १८७५ साली चांदी-तांब्याच्या मिश्रणांचे गोठणबिंदू आणि नेमकं हेच पृथक्करण यावर काम छापलं. नाण्यांची टांकसाळ होती ती. तिथेही हीच अडचण होती, की एका लगडीचे दोन तुकडे दोन टंच दाखवतात. फक्त तिथे मोजमाप केलं गेलं आणि कारण शोधलं गेलं. आमच्याकडे आटणीवाल्याला जबाबदार धरलं.

मी डिप्लोमाला मेटलर्जी घेतली तेव्हा हा डायग्राम पहिल्यांदा बघितला. वर्गात बाकीचे उतरवून घेत होते, माझे हात थांबले होते. नंतर कॉलेजच्या लॅबमध्ये परवानगी काढून दोन छोट्या लगडी ओतल्या, एक ऐंशीची, एक बहात्तरची. साचा तोच, दोन्ही राखेत गार केल्या. दोन्हींच्या कडेचा आणि पोटाचा कीस कोल्हापूरच्या गुजरीतल्या, सराफ बाजारातल्या, टंचवाल्याकडे नेला. बहात्तरच्या लगडीत दोन्ही आकडे जुळले. ती युटेक्टिकला लागून आहे, जवळजवळ सगळा रस एकाच तापमानाला, एकाच सरासरीचा गोठतो, वेगळं व्हायला जागाच नाही. ऐंशीच्या लगडीत फरक आला. तो कागद मी तात्यांना दाखवला. ते म्हणाले, "पुस्तकातलं चांदीला कळत नाही." तात्या मोठे आहेत, त्यांचा मान आहे, पण हे वाक्य चुकीचं आहे आणि मी ते इथे चुकीचं म्हणून लिहून ठेवतो. चांदी असंच वागते म्हणून पुस्तकात तसं लिहिलंय.

आता लिव्हर रूल. हा नियम म्हणून शिकवतात तिथेच घोटाळा होतो. तो हिशोब आहे. ७८० च्या किंचित वर, २० टक्के तांब्याचा १०० ग्रॅम माल घ्या. घन भागात तांबं ८.८ टक्के, रसात २८.१ टक्के. तांबं एकूण २० ग्रॅमच आहे, ते वाढत नाही, कमी होत नाही. घन भाग किती असला की हा हिशोब जुळेल? (२८.१ − २०) ÷ (२८.१ − ८.८) = ०.४२. म्हणजे घन ४२ ग्रॅम, रस ५८ ग्रॅम. ताळा करा: ४२ ग्रॅममध्ये तांबं ३.७, ५८ ग्रॅममध्ये १६.३, बेरीज २०. घनाचं प्रमाण हवं तर रसाकडचा हात घ्यायचा, हे लक्षात ठेवायची गरजच नाही. उत्तर उलटं आलं तर ताळा जुळणार नाही. प्रत्येक गणितात ताळा करा, आठवडाभरात हा प्रश्न संपेल.

आणि हाच हिशोब आबा दारात उभे राहून सांगत होते. घेतलं तेवढं दिलंय. त्यांच्याकडे आकडे नव्हते. लगड पुन्हा वितळवायची, ग्राफाइटच्या कांडीने नीट ढवळायची, रसातूनच थोडा माल घेऊन पाण्यात सोडायचा म्हणजे तो क्षणात गोठतो, आणि त्या दाण्यांचा टंच काढायचा. एवढं केलं असतं तर संध्याकाळपर्यंत निकाल लागला असता. कुणी केलं नाही.

काही गोष्टी आधी सांगायला हव्या होत्या त्या आता सांगतो. डायग्राम समतोलाचा आहे, म्हणजे प्रत्येक तापमानाला भरपूर वेळ मिळाला तर काय होईल ते तो सांगतो. प्रत्यक्षात घन दाण्याच्या आतली चांदी-तांब्याची जुळवाजुळव पूर्ण होत नाही, म्हणून दाण्याचा गाभा आणि काठ यांतही फरक राहतो. वेग डायग्राममध्ये नाही, तो वेगळा शिकावा लागतो. टंचातला प्रत्येक फरक पृथक्करणाचाच असतो असंही नाही. ढवळणं कमी पडलं तरी येतो, हवेत तांबं जळून ऑक्साइड झालं तरी आकडा हलतो, आणि चोरी करणारेही असतात. म्हणून तर तपासायचं. हल्ली टंचाचं एक्स-रे मशीन आलंय, ते फक्त वरचा पातळ थर बघतं. आम्लात उजळलेल्या मालाच्या वरच्या थरातलं तांबं निघून गेलेलं असतं, त्यामुळे तिथे चांदी जास्त दिसते. त्या आकड्यावर कुणाला चोर ठरवू नये.

अभ्यासाचा क्रम विचारलात तर आधी तांबं-निकेल, कारण त्यात युटेक्टिक नाही, फक्त आडवी रेषा मारायची सवय होते. मग चांदी-तांबं किंवा शिसं-कथील (युटेक्टिक १८३ अंश, ६१.९ टक्के कथील). प्रत्येकात चार-पाच वेगवेगळी मिश्रणं घेऊन वरून खाली उतरत जा आणि प्रत्येक टप्प्याला तीन गोष्टी लिहा: कुठले फेज (म्हणजे रस, चांदीचा घन, तांब्याचा घन असे वेगवेगळे भाग), प्रत्येकात कुठला धातू किती टक्के, प्रत्येकाचं प्रमाण. फेज रूल (तापमान, घडण यांपैकी किती गोष्टी मोकळेपणाने बदलता येतात हे सांगणारा नियम) तेव्हाच वापरून बघा: युटेक्टिकला तीन फेज एकत्र असतात, दाब ठरलेला, मग स्वातंत्र्य शून्य, म्हणून तापमान तिथे थांबतं. लोह-कार्बन सगळ्यात शेवटी. शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत जायचं असेल तर तो लागणारच, पण त्यात सिमेंटाइट (लोह आणि कार्बनचं संयुग) खऱ्या अर्थाने स्थिर नाही, ग्राफाइट स्थिर आहे, आणि बिडात सिलिकॉनही असतो, म्हणजे दोन घटकांचा कागद तिथे तोकडा पडतो. पहिला डायग्राम म्हणून तो समोर ठेवतात, त्यानेच मुलं घाबरतात.

आबा आता नाहीत. आटणी तात्यांचा मुलगा बघतो, माझा चुलत भाऊ. तो म्हणाला, व्यापारी अजूनही कोपऱ्याचाच तुकडा मागतो, आपण काय करणार. मी त्याला सांगितलं, ओतायच्या आधी रसाचा नमुना काढ, त्याचे दोन भाग कर, एक व्यापाऱ्याला दे, एक सही घेऊन आपल्याकडे ठेव, आणि पावतीवर लिही की टंच रसाचा आहे, लगडीच्या कोपऱ्याचा नाही.